लेनचं मत

"काहीतरी गाळलंस तू," लेन म्हणाला.

मी पेपर खाली केला. "नाही हो. होतं तेवढं वाचलं."

"गाळलंस. सावकाश वाचत होतीस आणि एकदम उडी मारून पुढे गेलीस. माझे डोळे गेलेत, कान नाही गेलेले."

आत स्वयंपाकघरात बेयाता कपबशा विसळत होती. नळ सुरू होता, म्हणजे तिला ऐकू जात नसावं, पण खात्री नव्हती. पहिल्याच पानावर ठसठशीत अक्षरांत छापलं होतं की पूर्व युरोपातून माणसांचे लोंढे येतायत, इस्पितळांत खाटा उरल्या नाहीत, शाळांत मुलं मावत नाहीत. पुढे पोलिश कामगारांबद्दल दोन वाक्यं होती. ती मी खाल्ली होती.

"वाईट लिहिलंय," मी आवाज उतरवून सांगितलं.

"ते मला कळतं. पन्नास वर्षं हा पेपर घेतोय मी. छापलेलं सगळं गिळतो असं वाटलं का तुला? वाच. जे आहे ते वाच."

मी वाचलं. वाचून संपलं तेव्हा लक्षात आलं, नळ केव्हाचा बंद झाला होता.

ही २०१६ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर ब्रिटनमध्ये सार्वमत व्हायचं होतं. आम्ही तेव्हा ग्रिम्सबीला राहत होतो. उत्तर समुद्राच्या काठचं जुनं मासेमारीचं शहर. माझा नवरा विलास समुद्रातल्या पवनचक्क्या उभारणाऱ्या कंपनीत इंजिनियर होता आणि मी म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या घरी जाऊन त्यांचं हवं-नको बघण्याची नोकरी धरली होती. लेन ब्लँचर्ड माझ्याकडे सोपवलेला. वय एक्याऐंशी, बायको वारलेली, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. आंघोळ घालायला दोघी लागायच्या, म्हणून सकाळी माझ्याबरोबर बेयाता असायची. ती पोलंडची. तिची सात वर्षांची मुलगी झुझिया तिथल्याच शाळेत जायची.

लेन आयुष्यभर मासेमारीच्या मोठ्या बोटींवर होता. मी हर्णैची, आमच्या घरची होडी होती, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं आणि आमची गट्टी जमली. आमच्याकडे बोटीच्या म्होरक्याला तांडेल म्हणतात असं मी सांगितलं, तेव्हा त्यानं तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवून बघितला. मग म्हणाला, "मी काही तांडेल नव्हतो हं. त्याच्या एक पायरी खाली. पण तो बरा शब्द आहे."

पेपर वाचायचं काम माझ्या यादीत नव्हतं. त्याच्या मुलीनं, क्रिस्टीननं, त्याला बोलणारा रेडिओ आणून दिला होता, पण त्याला तो पेपरच हवा असायचा. त्यात घोड्यांच्या शर्यती, फुटबॉल आणि मग त्या महिन्यात रोजच्या रोज पहिल्या पानावर युरोप. क्रिस्टीन लीड्सला कॉलेजात इतिहास शिकवायची. दर रविवारी यायची, वडिलांसाठी आठवड्याचं जेवण करून ठेवायची, आणि आली की आधी तो पेपर उचलून कचऱ्याच्या पेटीत टाकायची. लेनला कागदाचा आवाज ऐकू यायचा. तो काही बोलायचा नाही.

सार्वमताच्या आधीच्या रविवारी मात्र दोघांचं वाजलं. माझी त्या दिवशी कामाची पाळी होती, म्हणून सगळं माझ्यासमोरच झालं.

"डॅड, आइसलंडनं त्यांच्या समुद्रात मासेमारीला बंदी घातली म्हणून तुमच्या बोटी बंद पडल्या," क्रिस्टीन म्हणाली. "आइसलंड युरोपीय संघात नाहीच आहे. तेव्हाही नव्हतं."

"माहीत आहे."

"मग राग युरोपावर कशाला?"

"बटाटे गरम कर," लेन म्हणाला.

"हे तुम्ही बोलत नाही आहात, तो पेपर बोलतोय. तुम्हाला भीती घालतात आणि तुम्ही घाबरता. बेयाता नसती तर तुमची आंघोळ कुणी घातली असती?"

"बेयाताला कोण काय म्हणतंय?" लेन चिडला. "ती आपली आहे."

"मग बाकीचे कोण?"

क्रिस्टीन पाठ फिरवून बटाटे गरम करत राहिली. तिच्या खांद्यांवरून मला दिसत होतं की तिला रडू येतंय आणि तिला ते येऊ द्यायचं नाहीये. जाताना तिनं वडिलांच्या डोक्यावर ओठ टेकले, पण दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

त्यानंतर मी त्याची दाढी करत होते. गालाला साबण लावलेला असतानाच तो बोलायला लागला.

"पंचाहत्तर साली पण विचारलं होतं आम्हाला. आत राहायचं का बाहेर यायचं. मालक म्हणाले, आत राहा. पेपर म्हणाला, आत राहा. हाच पेपर, बरं का! माझी बायको म्हणाली, आत राहिलो तर पोरीचं बरं होईल. मी गेलो आणि आत राहायचं म्हणून आलो. पुढच्याच वर्षी आमच्या बोटी गोदीला बांधून पडल्या. मी मासे पकडणारा माणूस, कारखान्यात गोठवलेले मासे खोक्यांत भरायला लागलो. एकोणीस वर्षं भरले."

"पण ते तर आइसलंडमुळे..."

"पोरी, मला माहीत आहे कशामुळे ते. क्रिस्टीन शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे." त्यानं हनुवटी वर केली, मला गळ्याकडचा भाग करता यावा म्हणून. "त्या वेळी मी दुसऱ्यांचं मत देऊन आलो. एवढंच. ह्या वेळी माझं द्यायचंय."

मला राहवलं नाही. "पण लेन, ह्या वेळीही पेपर तुमच्याच..."

तो हसला. साबणाचा फेस उडाला. "हो. ह्या वेळी तो माझ्या बाजूला आला. उशिरा आला, पण आला."

ते खरं होतं की लेनच पेपरच्या बाजूला गेला होता, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं, आजही येत नाही.

आमच्या घरीसुद्धा हाच विषय. आम्ही भारताचे नागरिक, पण राष्ट्रकुलातले म्हणून इथं राहत असताना आम्हाला मत होतं. बेयाता आमच्याआधी सहा वर्षं इथं आली होती, कर भरत होती, तिला नव्हतं. विलासच्या फोनवर लेस्टर आणि लंडनच्या ओळखीच्या लोकांचे गट होते. त्यांच्यावर रोज काही ना काही फिरत यायचं. युरोपातले लोक फुकट येतात, आपल्याला मात्र व्हिसासाठी पैसे मोजून ताटकळावं लागतं. ब्रिटन बाहेर पडलं की दार आपल्यासाठी उघडेल.

"आपण बाहेरला द्यायचं," विलास जेवताना म्हणाला. "दोघांनी."

"बेयाताचं काय होईल मग?"

"तिला कुणी हाकलत नाही गं. पुढे येणाऱ्यांसाठी आहे ते." आणि त्यानं आणखी भात वाढून घेतला. विलास वाईट नव्हता. त्याला ते खरंच वाटत होतं, कारण त्याला ओळखणाऱ्या सगळ्यांना ते वाटत होतं.

मंगळवारी सकाळी आम्ही दोघी लेनच्या घरी पोचलो तेव्हा तो न्हाणीघराच्या दाराशी पडलेला होता. शुद्धीवर होता, पण हलता येत नव्हतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. बेयाता जमिनीवर त्याच्या शेजारी आडवी झाली, त्याचं डोकं हातावर घेतलं आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहिली. मधेच पोलिशमध्ये बोलायची. त्याला कळत नव्हतं, पण तिनं थांबू नये असं त्याला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी इस्पितळात गेले. गुरुवारी शस्त्रक्रिया ठरली होती आणि गुरुवारीच मतदान. लेनचं तोंड एवढंसं झालं होतं, पण डोकं ठिकाणावर होतं.

"नर्सला विचारलंय मी," तो म्हणाला. "ऐनवेळी इस्पितळात पडलेल्या माणसाच्या वतीनं दुसऱ्याला मत देता येतं. ज्याला स्वतःला मत आहे असा कुणीही चालतो. तुला आहे ना?"

"आहे. पण क्रिस्टीन येतेय ना आज? मुलगी असताना मी कशी?"

"तिला नको."

"का?"

त्यानं माझा हात चाचपडून धरला. "तिला माझं भलं कळतं, कुंदा. ती जाऊन माझं भलं करून येईल."

दुसऱ्या हातानं मी त्याचं पांघरूण सारखं केलं.

"तू मला सांगितलं होतंस ना, पेपरात वाईट लिहिलंय. तरी मी म्हटल्यावर वाचलंस. म्हणून तुला सांगतोय."

मी हो म्हटलं. आमच्या ऑफिसातल्या बाईंना फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या, कामाची वेळ सोडून काय करायचं तो तुझा प्रश्न. कागदांवर सह्या झाल्या. निघताना लेननं हाक मारली, "आणि पेन घेऊन जा. तिथं पेन्सिल ठेवतात. लोक म्हणतायत, नंतर खोडून टाकतात."

"कोण म्हणतंय?"

"सगळेच," तो म्हणाला.

बाहेर व्हरांड्यात क्रिस्टीन उभी होती. लीड्सहून सरळ आली होती, अंगात कॉलेजचाच कोट. नर्सकडून तिला कळलं होतं.

"तुम्हाला विचारलं त्यांनी," ती म्हणाली. "मला नाही."

"तुम्हाला त्रास नको म्हणून असेल."

"नाही. तसं नाही ते." ती माझ्याजवळ आली. "कुंदा, आत तुम्ही एकट्या असणार. कुणालाही कळणार नाही. त्यांना तर नाहीच. उद्या शुद्धीवर येतील, तुम्ही सांगाल दिलं, ते समाधानानं झोपतील. आणि बेयातासाठी, झुझियासाठी एक मत वाढेल. यात कुणाचं नुकसान आहे सांगा?"

ती वाईट बाई नव्हती. तिचं म्हणणंही मला पटत होतं, हेच अवघड होतं. संध्याकाळी बसमध्ये बेयाता भेटली. झुझियाला वर्गातल्या एका मुलीनं विचारलं होतं, तुम्ही सामान कधी बांधणार. बेयातानं ते हसून सांगितलं आणि मग खिडकीकडे तोंड केलं. लेनच्या मताचं मी तिला सांगितलं नाही.

गुरुवारी दुपारी मी चर्चच्या सभागृहात गेले. बाहेर दोन्ही बाजूंची माणसं पत्रकं घेऊन उभी होती. टेबलामागच्या बाईंनी नावं तपासली आणि मला दोन मतपत्रिका दिल्या, एक माझी आणि एक लेनची. लाकडी फळ्यांच्या आडोशात मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही हुबेहूब सारख्या. कुठली कुणाची, हे मलासुद्धा लक्षात ठेवावं लागलं.

हर्णैला आमच्या वाडीत निवडणुकीच्या आदल्या दिवशी सोसायटीचे चेअरमन घरोघर येऊन सांगून जायचे. सकाळी आई नवं लुगडं नेसून निघायची आणि उंबऱ्यावर बाबांना विचारायची, "कुठलं चिन्ह म्हणालात?" बाबा सांगायचे. आई बोटाला शाई लावून हसतमुख परत यायची. मला त्यात कधीच काही खटकलं नव्हतं.

मी पेन काढलं. डावीकडची पत्रिका लेनची. कुणी बघत नव्हतं. क्रिस्टीन बरोबर म्हणाली होती, कुणालाच कळलं नसतं. मला झुझियाच्या दोन वेण्या दिसत होत्या आणि न्हाणीघराच्या फरशीवर आडवी झालेली बेयाता. मग 'बाहेर' लिहिलं होतं तिथं फुली मारली. घडी घातली. उजवीकडच्या पत्रिकेवर 'राहायचं' लिहिलं होतं तिथं फुली मारली. तिचीही घडी घातली.

दोन्ही पेटीत टाकून बाहेर आले, तर पत्रकवाला म्हातारा म्हणाला, "झालं का पोरी?" मी म्हटलं, झालं. एकानं एक खोडून निघालं होतं. मी घरी राहिले असते तरी तेवढंच झालं असतं.

निकाल शुक्रवारी पहाटे लागला. देश बाहेर पडणार होता. ग्रिम्सबीत तर दहातल्या सातांनी बाहेरचं दिलं होतं. इस्पितळात टीव्हीभोवती गर्दी होती, कुणी हसत होतं, एक फिलिपिनो नर्स नुसतीच उभी होती. लेन शस्त्रक्रियेनंतरच्या गुंगीत होता. माझा आवाज ओळखून त्यानं डोळे उघडले.

"दिलंस?"

"दिलं."

"मी सांगितलं तसं?"

"तुम्ही सांगितलं तसं."

त्यानं मान हलवली. डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "बोटी काही परत येत नाहीत. कळतं मला ते. कुणाला वाटत असेल, म्हाताऱ्याला कळत नाही."

"कुणाला वाटत नाही."

"क्रिस्टीनला वाटतं."

क्रिस्टीन दाराशी उभी होती, हे त्याला दिसत नव्हतं. ती आत आली नाही. मी बाहेर गेले, तेव्हा तिनं मला विचारलं, "दिलंत? खरंच?"

"हो."

मला वाटलं ती चिडेल. ती भिंतीला टेकली. "मी नसतं दिलं. मी उलट देऊन आले असते आणि त्यांना सांगितलं असतं, दिलं म्हणून. पापणीसुद्धा हलली नसती माझी." तिनं डोळे पुसले. "आणि त्यांना ते माहीत होतं. म्हणून तुम्हाला सांगितलं. म्हणजे ते मला चांगलं ओळखतात ना?"

ती आत गेली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. लेन म्हणाला, "कोण आहे?" आणि ती म्हणाली, "मी आहे, डॅड." पुढचं मी ऐकलं नाही.

बेयाता मला इस्पितळाच्या बाहेर बाकावर सापडली. लेनसाठी तिनं बीटाचं सूप आणलं होतं, डबा मांडीवर तसाच होता. आत जायचा धीर होत नव्हता तिला. मी तिच्याशेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं. लेननं मला सांगितलं, मी हो म्हटलं, त्याची फुली मीच मारली, माझ्या हातानं.

तिनं डब्याचं झाकण घट्ट केलं.

"माझं मत मी राहायचंला दिलं," मी घाईनं म्हटलं. "तुझ्यासाठी दिलं, बेयाता. झुझियासाठी."

तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. दमलेलं माणूस बघतं तसं.

"एक लेनसाठी दिलंस," ती म्हणाली. "एक माझ्यासाठी दिलंस. मला इतकी वर्षं झाली इथं, मला एकही नाही. तुला दोन मिळाली, कुंदा. आणि त्यातलं तुझं एकही नाही?"

मी तिच्या मांडीवरचा डबा घ्यायला हात पुढे केला.

"जाऊ दे," ती म्हणाली. उठली. "सूप गार होतंय. तो गार सूप पीत नाही." आणि आत गेली. मी मागून गेले तेव्हा ती त्याला चमच्यानं भरवत होती. क्रिस्टीन खाटेच्या दुसऱ्या बाजूला होती आणि लेन म्हणत होता, "मीठ कमी आहे." बेयाता म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलंय." निकालाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मला वाटतं, त्या दिवशी त्या खोलीत जेवढी माया होती तेवढी लेनच्या घरात मी एरवी कधी बघितली नव्हती. आणि कुणी कुणाला माफही केलं नव्हतं.

संध्याकाळी विलास मिठाई घेऊन आला. "जिंकलो आपण," म्हणाला. मी पेढा घेतला. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

लेन त्याच हिवाळ्यात न्यूमोनियानं गेला. बेयाता राहिली. कागदपत्रांचा बराच खटाटोप करून राहिली, अजून ग्रिम्सबीतच आहे. आम्ही पुढे दुसरीकडे गेलो. पण त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली.

पुढच्या वर्षी जूनमध्ये अचानक संसदेची निवडणूक लागली. मतदानाच्या दिवशी सकाळी विलास चहा घेत फोनवरचे निरोप वाचत होता. मी कामावर निघायच्या तयारीत होते.

"आपण कुणाला द्यायचं, वाचलंस का?" तो म्हणाला. "सगळे म्हणतायत..."

"तू तुझं ठरव," मी म्हटलं.

त्यानं मान वर केली. "म्हणजे? तू कुणाला देणारेस?"

खरं तर मला अजून माहीत नव्हतं. मतदानाला जायच्या वाटेवर बसचे दोन थांबे होते, तेवढ्यात ठरवायचं होतं. मी चपला घातल्या.

"ते मी तुला सांगणार नाही," मी म्हणाले, आणि दार ओढून घेतलं.